गाणाऱ्याचं पाकीट

मदतीच्या कार्यक्रमाचा हिशेब ठेवायचं काम बेळगावात कुणी हौसेनं अंगावर घेत नाही. मांडव, साउंड, लाइट, छपाई, चहापाणी, पोलिसांची परवानगी, सगळ्याच्या पावत्या जपायच्या आणि शेवटी शिल्लक रकमेवर प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे ही वही फिरून फिरून माझ्याकडेच येते. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर टिळकवाडीतल्या एका शाळेच्या पटांगणावर जो कार्यक्रम झाला, त्याचीही वही माझ्याकडेच होती. तिच्यातल्या एका रकान्यावरून आमच्या बैठकीत बराच वाद झाला. तो रकाना कलाकारांच्या मानधनाचा.

कार्यक्रम कशासाठी होता ते आधी सांगते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढं, घाटमाथ्याचं जंगल सुरू होतं. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी तिथलंच. आमगाव, गवाळी, पास्टोली ही गावंही त्याच रानातली, काही भीमगड अभयारण्याच्या पोटात. घरोघरी मराठी बोलणारी. पाऊस लागला की नाले भरतात, वाट तुटते, आणि आजारी माणसाला बांबूला घोंगडं बांधून, खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथल्या काही तरुणांनी ठरवलं की चिखलातून चालेल अशी एक जुनी जीप घ्यायची आणि गावातच ठेवायची. पैसे कमी पडत होते. म्हणून गाणं.

गाणारे ठरवताना आमच्यातल्या पोरांनी एक गोष्ट आग्रहानं धरली: ज्यांना शहरात अजून मंच मिळालेला नाही त्यांनाच बोलवायचं. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार मुलांचा बँड आला, गिटार, बेस, काहोन (वर बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी) आणि स्वतःची गाणी घेऊन. वडगावच्या विणकरांच्या घरातली एक मुलगी आली, मागाच्या खटखटीच्या लयीवर आजीच्या ओव्या बसवून गाणारी. कडोलीकडचा एक तरुण शाहीर, रामदुर्गाकडची गीगी, म्हणजे पोवाड्यासारखी कथेची पदं, गाणारी कन्नड मंडळी, एक गोंधळी मामा आणि संबळ वाजवणारा त्यांचा भाचा. आणि सौंदत्तीच्या वाटेवरच्या एका खेड्यातली मावशी, चौंडकं घेऊन. मावशीचं वय साठीच्या पुढं, पण शहराच्या मंचावर सगळे सारखेच नवखे.

दुपारी साउंड चेकला मी तिथंच होते. त्या दोन तासांत जे पाहिलं ते रात्रीच्या कार्यक्रमाइतकंच माझ्या मनात राहिलंय.

साउंडवाला पोरगा हुशार. गिटारची वायर कुठं जोडायची, काहोनच्या मागच्या भोकाशी माइक कसा धरायचा हे त्याला पाठ. चौंडकं मात्र त्यानं जवळून कधी पाहिलंच नव्हतं. पोकळ लाकडी नळा, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधोमधनं निघालेली तात, आणि तातेचं दुसरं टोक हातात. नळा काखेत दाबायचा, एका हातानं तात ताणायची-सोडायची आणि दुसऱ्या हातातल्या नखीनं ती छेडायची. ताण बदलला की सूर वर चढतो, खाली घसरतो, मधल्या जागा घेत घेत. पोरानं माइक आणून लावला तातेसमोर. नुसती टकटक यायला लागली. मावशी थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाळ, ह्येचा आवाज पोटातनं येतोय. तोंडाला लावून काय उपयोग? मागनं लाव तुझं." त्यानं छोटा क्लिप माइक नळ्याच्या उघड्या बाजूला आतून चिकटवला. पटांगणभर जो घुमारा उठला, तो ऐकून चहा वाटणारी मुलंही किटली हातात धरून उभी राहिली.

पुढची अडचण सुराची. बँडमधल्या मुलांना मावशीबरोबर एक गाणं करायचं होतं. त्यांनी विचारलं, "मावशी, कुठल्या पट्टीत गाता?" मावशी म्हणाल्या, "पट्टी-बिट्टी मला काय कळत न्हाई, मी माझ्या गळ्यानं गातो." आणि गायला लागल्या. गिटारवाल्या मुलानं कान लावून सूर शोधला. काळी चारच्या आसपास होता. त्यानं चौथ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे पट्टी वर चढवणारा चिमटा, लावला. पण मावशींचा षड्ज रंगात आला की केसभर वर सरकायचा. दोन-तीनदा चुकल्यावर मुलानं जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. त्यानं कॉर्ड वाजवायचं सोडून दिलं. नुसत्या खालच्या दोन तारा मोकळ्या करून, एकीची खुंटी बोटात धरून, मावशींबरोबर त्या हलवत राहिला. म्हणजे गिटारीचं त्यानं तुणतुणं केलं. कुणी शिकवलं नव्हतं. मावशींनी एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं कडवं दुप्पट जोरात उचललं.

तिकडं मांडवामागं शाहिराचा डफ उतरला होता. संध्याकाळची हवा दमट, कातडं ढिलं. गावात असतं तर काटक्या पेटवून शेकला असता. पटांगणावर जाळ करायची परवानगी नव्हती. गीगीवाल्यांचीही तीच अडचण, त्यांच्याकडंही डफच. मग रंगमंचाच्या बाजूला लावलेल्या मोठ्या हॅलोजनसमोर दोघं शेजारी शेजारी आपापले डफ धरून उभे राहिले. एकाला कन्नड येत होतं तेवढं दुसऱ्याला मराठी. पाच-सात मिनिटांनी दोघांनी एकदमच बोटानं टिचकी मारून कातडं तपासलं. शाहिराचे झीलकरी "जी जी रं जी" धरून बघत होते, गीगीवाले "गीय गीय गा गीय". दोन्हीकडं तुणतुणं तेच, मागं उभं राहून सूर धरण्याची रीत तीच, कथा सांगता सांगता मध्येच श्रोत्याला प्रश्न विचारण्याची पद्धतही तीच. स्वातंत्र्याच्या चळवळीत गीगी पदांनी उत्तर कर्नाटकातली खेडी जागवली आणि आपल्याकडं तेच काम पोवाड्यानं केलं. त्या दोघांनी आयत्या वेळी ठरवलं की एकाचं संपता संपता दुसऱ्यानं त्याच ठेक्यावर सुरू करायचं. रात्री ते इतकं बेमालूम झालं की मराठी कुठं थांबलं आणि कन्नड कुठं लागलं ते समोर बसलेल्या अनेकांना लगेच उमगलंच नाही. टाळ्या मात्र दोन्ही बाजूंनी सारख्या आल्या.

सीमाभागात हे लिहिताना मला पूर्ण भान आहे. 1956 पासूनचं आमचं दुखणं खरं आहे. दरवर्षी 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरात मी वाढले, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडं आजही डोळे लावून बसलेली माणसं माझ्या नात्यात आहेत. मराठी शाळा टिकावी, सरकारी कागद मराठीत मिळावा, ही मागणी मी सोडलेली नाही. पण त्याच जिद्दीनं मला हेही म्हणायचंय की इथलं गाणं पहिल्यापासून दोन भाषांच्या दुधावर वाढलंय. अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली गुर्लहोसूरला जन्मले, ते गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यातलं. 1880 साली त्यांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. त्या रंगभूमीनं पुढं कितीतरी पदं कानडी चालींवर बांधली. कुमार गंधर्व 1924 साली सुळेभावीला, कानडी बोलणाऱ्या घरात जन्मले, आणि मराठी माणसानं त्यांना आपलं म्हणून काळजात ठेवलं. क्षयाच्या आजारपणात देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, त्यांतल्या धुनांमधून नवे राग घडवले, त्यांना धुनउगम म्हटलं. मला नेहमी वाटतं, सुळेभावीच्या जत्रेत, सौंदत्तीच्या डोंगरावर, वडगावच्या मागांवर तसं कान देऊन बसणारं आपल्याकडं कोण आहे? त्या दिवशी त्या गिटारवाल्या मुलाकडं बघताना मला या प्रश्नाचं थोडंसं उत्तर मिळालं.

आता मानधनाचं. पहिल्याच बैठकीत मी वहीत मानधनाचा रकाना आखला तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "ताई, चांगल्या कामासाठी चाललंय. कलाकार पैसे मागणार नाहीत." ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. असंच होत आलंय. पूर्वी एका मदतीच्या कार्यक्रमात मी स्वतः पाहिलंय, रात्री साडेदहाला भजनी मंडळातली माणसं पेट्या उचलून गावाकडं जायला टेम्पो शोधत होती आणि आत आयोजक जमलेली रक्कम माइकवर जाहीर करत होते. शाल आणि नारळ मिळाला होता त्यांना. टेम्पोचं भाडं त्यांनी आपसात काढलं.

मी म्हटलं, मांडववाल्याला आपण पैसे देणार. साउंडवाल्याला देणार, छापखान्याला देणार, जनरेटरच्या डिझेललाही देणार. चांगल्या कामासाठी आहे म्हणून पेट्रोल पंप फुकट डिझेल देत नाही. मग ज्यांच्यामुळं लोक देणगी प्रवेशिका घेणार, तेवढ्यांनीच फुकट यायचं? आणि त्यातही जो जितका गरीब, त्याचं दान तितकं मोठं. बँडमधल्या मुलांच्या घरी एक संध्याकाळ गेली तर चूल थांबत नाही. गोंधळी मामांनी त्या रात्रीचा लग्नाचा गोंधळ सोडला होता. लग्नसराईतली एक रात्र म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईतला केवढा तुकडा, हे गोंधळ्याच्या घरी जाऊन बसल्याशिवाय कळायचं नाही. कुणीतरी म्हणालं, "मावशींचं तर बसचं तिकीटही लागत नाही, शक्ती योजना आहे." खरं आहे, 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. पण त्यांची दोन दिवसांची भांगलणीची मजुरी बुडाली, ती कुठल्या योजनेत बसते?

गावात हे कधीच असं नव्हतं. वासुदेव दारात आला की सुपातनं पसा निघायचा. सुगीत खळ्यावर गोंधळ्याचा वाटा ठरलेला असायचा आणि तो मागायला त्याला लाज वाटायची नाही. जोगवा मागणाऱ्या बाईच्या परडीत पीठमीठ घालताना माझी आजी डोक्यावरचा पदर सारखा करायची. देवाधर्माचं गाणं होतं म्हणून ते फुकट होतं असं कुणी मानलं नाही. उलट रिकाम्या हातानं गाणाऱ्याला परत पाठवणं हे घरावरचं किटाळ समजलं जायचं. शहरात येऊन आपण सभ्य झालो आणि गाणाऱ्याच्या हातावर शाल ठेवून मोकळे व्हायला शिकलो.

वाद दोन बैठका चालला. शेवटी ठरलं की प्रत्येकाला पाकीट, सगळ्यांना सारखं, आणि प्रवासखर्च वेगळा. पाकीट कार्यक्रमाच्या आधी द्यायचं, नंतर नाही. हे आधी देण्याचं मी हट्टानं मान्य करून घेतलं. पैसे खिशात असले की माणूस वेगळ्या ताठपणानं मंचावर चढतो. ज्याला त्यातून मदत करायची असेल त्यानं स्वतःच्या हातानं दानपेटीत टाकावं, किती ते त्याचं त्यानं ठरवावं. बँडच्या मुलांनी अख्खं पाकीट पेटीत टाकलं. गीगीवाल्यांनी काही टाकलं. मावशींनी पदराची गाठ सोडून एक नोट काढली, घडी करून टाकली. गोंधळी मामांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पेटीकडं गेले नाहीत, आणि ते अगदी रास्त होतं. त्यांच्या घरात तेव्हा नातीच्या कॉलेजची फी भरायची होती.

मामांची एक तक्रार मात्र आम्हाला निस्तरता आली नाही. उघड्या पटांगणावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा दंडक, आणि तो योग्यही आहे, शेजारी दवाखाने आहेत, परीक्षेची मुलं आहेत. पण त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. मामांना आम्ही पंधरा मिनिटं दिली होती. ते म्हणाले, "पंधरा मिनिटांत देवी सौंदत्तीस्नं निघतबी न्हाई की ओ." गोंधळात आधी दिवटी पेटते, मग एकेका देवाला हाक जाते: तुळजापूरच्या भवानीला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, माहूरच्या रेणुकेला, सौंदत्तीच्या यल्लम्माला, सुळेभावीच्या लक्ष्मीला. दोन राज्यांतल्या सगळ्या देवींना यायला वेळ द्यावा लागतो. मगच आख्यान. आम्ही त्यांना फक्त हाकेपुरता वेळ दिला आणि आख्यानाला जागाच ठेवली नाही. तरी त्यांनी त्या पंधरा मिनिटांत भाच्याला पुढं केलं. त्या पोरानं वाकड्या टोकाच्या काठीनं संबळावर जो वेग धरला, त्याला मांडवातल्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माना डोलावून दाद देत होत्या. त्या बहुतेक मनातल्या मनात पुढचं आख्यान लावत होत्या.

चौंडक्याबद्दल अजून एक बोलायला हवं, कारण नव्या मुलांना त्याचा नाद आवडतो आणि त्याच्यामागचं दुःख माहीत नसतं. हे वाद्य जोगत्या-जोगतिणींच्या हाती राहिलं. देवीला मुली सोडण्याच्या प्रथेनं त्यांतल्या कितीजणींचं आयुष्य करपलं. 1982 साली कर्नाटकानं ती प्रथा कायद्यानं बंद केली. गाणं राहिलं, त्या गाणाऱ्या बायकांना मान मिळायला मात्र फार वेळ लागला. जोगती नृत्य करणाऱ्या मंजम्मा जोगतींना 2021 साली राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या मावशींनी टीव्हीवर ते पाहिलं होतं, आणि त्यांनी मला तो प्रसंग राष्ट्रपतींवरून पदर ओवाळल्याच्या हावभावासकट करून दाखवला. असं गाणं मोबाइलवर टिपून, खाली ठेका घालून, इंटरनेटवर "पारंपरिक" म्हणून टाकणं फार सोपं आहे. चाल कुणा एकाची नसते हे खरं. पण तो गळा, ती तात ताणायची पद्धत, ते सादरीकरण तिचं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क मानलेला आहे आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीतही त्याला वाटा आहे. खेड्यातल्या गाणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. आम्ही त्या रात्रीचं चित्रीकरण केलं, पण प्रत्येकाला विचारून. वडगावच्या मुलीनं एक ओवी टाकायला नको म्हटलं. ती तिच्या आजीनं तिच्या आईच्या बाळंतपणात रचलेली, घरातलीच राहावी अशी तिची इच्छा होती. ती ओवी आम्ही काढून टाकली.

माझी खरी खंत यापुढची. या मुलांना, या माणसांना शहरात मंच मिळतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी अडचणीच्या निमित्तानं. ख्यालगायकीला बेळगावात जाणते श्रोते आहेत, बैठकी होतात, त्याचा मला अभिमान आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत शाहिराला ट्रॅक्टरवर जागा मिळते, पण पुढच्या-मागच्या गाड्यांवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांत त्याचा डफ बुडतो. गोगटे रंगमंदिर आहे, लोकमान्य रंगमंदिर आहे, मात्र त्यांचं भाडं भरून चार नवख्यांनी आपलं गाणं लोकांपुढं ठेवावं एवढी ताकद कुणाकडं असते? जीप हवी म्हणून माणसं आली, प्रवेशिका घेतल्या, तीन तास हलली नाहीत. म्हणजे ऐकायची भूक आहे. उद्या जीपचं कारण नसतानाही, नुसतं वडगावच्या मुलीची ओवी ऐकायला म्हणून तुम्ही-आम्ही खिशात हात घालावा, असं मला कळकळीनं वाटतं. त्यासाठी मोठा मांडव लागत नाही. शहापुरात, अनगोळात, उचगावात देवळांची सभागृहं आहेत, शाळांचे वर्ग रविवारी रिकामे असतात. पन्नास माणसं आणि आधी दिलेलं पाकीट, एवढ्यावर एक चांगली संध्याकाळ उभी राहते.

जीप आली. मृगाच्या आधी आली हे महत्त्वाचं. चालवायला शिकलेली दोन पोरं गावात आहेत.

आणि बँडची मुलं मावशींच्या गावाला जाऊन आली. त्यांना त्यांच्याबरोबर दोन गाणी नीट ध्वनिमुद्रित करायची आहेत. जाताना त्यांनी माझ्याकडून एक साधा कागद तयार करून नेला, मराठीत आणि कन्नडात: गाण्यावर मावशींचं नाव आधी येईल, जे काही पैसे मिळतील त्यातला निम्मा वाटा थेट त्यांच्या बँक खात्यात जमा होईल, आणि त्यांना विचारल्याशिवाय ते गाणं जाहिरातीला दिलं जाणार नाही. मावशींच्या मुलानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागनं झील माझी सून धरतीया. तिचं कुठं लिवलंय ह्यात?" मुलांनी तिथंच कागदाच्या खाली पेनानं आणखी एक ओळ वाढवली, सुनेचं नाव घातलं, तिचा वाटा घातला, आणि मग दोघींनी सही केली.